मोटारगाडींतील वीज : तिचा इतिहास आणि तिचे रोग

एंजिनाचा एखादा सांधा खिळखिळा झाला तर तो खडखडून आपलें दुखणें सांगतो. चाकांतील हवा गेली तर डोळ्यांना दिसतें, पाणी आटलें तर वाफ उठते, तेल गळलें तर जमिनीवर डाग पडतो. मोटारगाडीच्या साऱ्या अवयवांत मुका अवयव एकच, आणि तो म्हणजे तिच्या अंगांतून खेळणारी वीज. ती असली तरी दिसत नाहीं व गेली तरी दिसत नाहीं. काल रात्रीपर्यंत सुखरूप धांवलेली गाडी आज सकाळीं दारांत निपचित पडते. दिवे लागत नाहींत, भोंगा वाजत नाहीं, आणि बॉनेट उघडून पाहावें तों सर्व कांहीं कालच्यासारखेंच जागच्या जागीं असतें. जुन्या गाड्या हौसेनें बाळगणारे लोक गंजाला आणि झिजेला जितके भीत नाहींत तितके तिच्या तारांच्या जुडग्याला भितात, याचें कारण हेंच.

ही भीति अगदीं निराधार नसली तरी तिचा बराच भाग अपरिचयाचा आहे. मोटारींत वीज एका दिवसांत आलेली नाहीं. आधीं ती ठिणगीपुरती आली, मग दिव्यांसाठीं आली, मग एंजिन सुरू करण्यासाठीं आली. दर वेळीं एखाद्या जुन्या अडचणीवर तोड म्हणून ती आली आणि स्वतःची एक नवी अडचण मागें ठेवून गेली. या क्रमाकडे पाहिलें म्हणजे प्रत्येक दोषाला एक जन्मसाल असतें हें ध्यानांत येतें. १९१५ सालची गाडी ज्या रोगानें आजारी पडते त्या रोगानें १९३५ सालची पडत नाहीं, आणि १९३५ सालच्या गाडीचें औषध १९६५ सालच्या गाडीला विष ठरूं शकतें. जुन्या गाडींतील विजेचा बिघाड शोधावयाचा तर आधीं इतिहास वाचावा लागतो, तो यासाठीं.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या आरंभाबरोबरच होतो. कार्ल बेंझ यानें जर्मनींतील मॅनहाइम शहरीं बांधलेल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं २९ जानेवारी १८८६ रोजीं अर्ज केला. त्याच काळांत गॉटलीब डायम्लर याच्या एंजिनांत वायु पेटविण्यासाठीं बाहेरून ज्योतीनें तापविलेली नळी वापरीत. बेंझनें मात्र विजेच्या ठिणगीचा मार्ग धरला. घटमालेंतून येणारा प्रवाह कंपन पावणाऱ्या एका कॉइलमधून नेऊन त्याची उच्च दाबाची ठिणगी तो सिलिंडरांत पाडी. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बर्था हिनें, पतीला न कळवितां व आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, या जातीच्या गाडीनें मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. आणि ठिणगीच्या तारेचें आवरण झिजून वीज भलत्या वाटेनें जाऊं लागली तेव्हां पायमोज्याचा बंद तारेभोंवतीं गुंडाळून तिनें ती झांकली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासांत हा दोष उद्भवला, आणि आज ज्यांचे जुन्या गाड्यांचे छंद आहेत त्यांच्या वांट्याला सर्वांत अधिक वेळां हाच दोष येतो : तांबें शाबूत, परंतु त्यावरील आवरण गेलेलें.

बेंझच्या गाडीला वीज साठविण्याची सोय होती. निर्माण करण्याची नव्हती. घट रिते झाले कीं गाडी थांबे. ही उणीव मॅग्नेटोनें भरून काढली. स्टुटगार्ट येथें १८८६ सालीं रॉबर्ट बॉश यानें एक लहानशी कार्यशाळा काढली होती. स्थिर एंजिनांसाठीं चुंबकावर चालणारीं ठिणगीयंत्रें ती कार्यशाळा करीत असे. १८९७ सालीं फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाच्या सांगण्यावरून तसलें यंत्र प्रथमच एका द दियाँ-बूताँ तिचाकीच्या वेगवान एंजिनाला जोडण्यांत आलें. पुढें १९०२ सालीं बॉशचा सहकारी गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग सिद्ध केला, आणि बॅटरीवांचून हवी तितकी ठिणगी मिळूं लागली. एंजिन फिरत आहे तोंवर मॅग्नेटो वीज देतो; त्याला दुसऱ्या कशाचीच अपेक्षा नसते.

या एका वस्तूवर वाहतुकीचें किती अवलंबून होतें याची प्रचीति १९१४ सालीं आली. महायुद्ध पेटलें तेव्हां ब्रिटनमधील बहुतेक मॅग्नेटो जर्मनींतून येत असत. ते येण्याचें एकाएकीं बंद झालें, आणि लष्करी गाड्या व विमानें यांना ठिणगी कोठून द्यावयाची हा प्रश्न उभा राहिला. बर्मिंगहॅम येथें मॅग्नेटो तयार करणारी थॉमसन-बेनेट नांवाची एक पेढी होती; ती जोसेफ लुकस यांच्या कंपनीनें त्याच वर्षीं विकत घेतली. राकेलच्या दिव्यांचा व्यापार करीत वाढलेली ही कंपनी पुढें ब्रिटिश मोटारींतील बहुतेक साऱ्या विद्युत्साहित्याची पुरवठादार झाली, तिच्या या वाढीला महायुद्धानें असा हातभार लावला.

मॅग्नेटोची गाडी आज कोणाच्या हातीं आली आणि ती सुरू होत नसली, तर या इतिहासांतूनच तिचें निदान सुचतें. तिच्यांत बॅटरीला दोष देण्यांत अर्थ नसतो, कारण ठिणगीचा बॅटरीशीं संबंध नसतो. जुना चुंबक कालांतरानें क्षीण होतो; आर्मेचरवरील बारीक तारेचें लाखेनें रोगण दिलेलें वेष्टण ओल धरतें; आणि थंड असतां चांगला चालणारा मॅग्नेटो तापल्यावर ठिणगी टाकीनासा होतो. हें शेवटचें लक्षण ज्याला ठाऊक नाहीं तो दहा मैलांवर थांबलेल्या गाडीचा कार्बुरेटर उगीच खोलीत बसतो. तोंवर मॅग्नेटो निवतो, गाडी आपोआप सुरू होते, आणि श्रेय मात्र कार्बुरेटर खोलणाराला मिळतें.

मॅग्नेटोनें एक प्रश्न सोडविला, दुसरा तसाच राहिला. एंजिन फिरल्यावांचून वीज नाहीं, आणि पहिल्यानें तें फिरवावयाचें तर माणसाच्या दंडानें. पुढच्या बाजूस हॅण्डल लावून चालक तें जोरानें फिरवी. ठिणगी वेळेआधीं पडली तर दट्ट्या उलट फेकला जाई आणि हॅण्डल तितक्याच जोरानें मागें येई. मनगटें मोडत, जबडे फुटत. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून हॅण्डल धरावें, त्याला विळखा घालूं नये, हा धडा प्रत्येक चालकाला प्रथम शिकवीत. बायरन कार्टर हा अमेरिकेंतील मोटार-कारखानदार १९०८ सालीं वारला. एका अडलेल्या गाडीचें हॅण्डल मारतांना त्याला जबर मार बसला व तेंच त्याच्या मृत्यूचें निमित्त झालें, आणि त्यामुळें कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलंड याच्या मनाला चटका लागला, अशी आख्यायिका डेट्रॉइटमध्यें परंपरेनें सांगत आले आहेत.

लेलंडला हवें तें चार्ल्स केटरिंग यानें दिलें. हा गृहस्थ पूर्वीं डेटन शहरच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत होता, आणि दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला त्यानें विजेची मोटर बसविली होती. त्या कामांतून त्याला एक गोष्ट उमगली होती. जी मोटर दिवसभर चालावयाची तिला मोठें शरीर लागतें. परंतु जिला क्षणभरच जोर करावयाचा आहे तिच्याकडून तिच्या कुवतीच्या अनेक पट काम घेतलें तरी ती तापण्यापूर्वींच काम संपतें. एंजिन हालविण्यास प्रचंड मोटर लागेल असें इतर तंत्रज्ञ म्हणत होते. केटरिंगनें लहान मोटर घेतली आणि तिला क्षणभर राबविलें. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत हा स्वयंचालक, म्हणजे गॅरेजांतील भाषेंत ज्याला नुसतें ‘सेल्फ’ म्हणतात तो, बसविण्यांत आला. सेल्फ, दिवे व ठिणगी या तिन्हींची एकत्र सांगड घातल्याबद्दल कॅडिलॅकला ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचें डेवर पारितोषिक मिळालें. ज्यांच्या अंगीं हॅण्डल मारण्याचें बळ नव्हतें, अशा स्त्रियांना व वयोवृद्धांना, या यंत्रानें गाडी स्वतः चालविण्याचा मार्ग मोकळा केला. समाजाच्या दृष्टीनें पाहतां मोटारींतील विजेचें याहून मोठें कार्य दुसरें नाहीं.

मात्र सेल्फ आला आणि गाडीची सारी विद्युत्-व्यवस्थाच पालटली. आतां मोठी बॅटरी आली. ती भरण्यासाठीं एंजिनावर चालणारा डायनामो आला. एंजिन मंद असतां बॅटरींतील वीज उलट डायनामोंत जाऊं नये म्हणून ‘कट-आउट’ नांवाची आपोआप उघडझांप करणारी कळ आली. आणि दाब मर्यादेंत ठेवणारा नियामक आला. ठिणगीसाठींहि वेगळा मॅग्नेटो ठेवण्याचें प्रयोजन उरलें नाहीं; बॅटरी आणि कॉइल यांवर तें काम भागूं लागलें, आणि १९३० नंतरच्या सामान्य गाड्यांतून मॅग्नेटो हळूहळू नाहींसा झाला. फोर्डची मॉडेल टी ही गाडी या स्थित्यंतराचें चालतेंबोलतें उदाहरण होय. १९०८ पासून १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रति निघाल्या. तिचा मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येंच १६ चुंबक बसवून केलेला होता. १९१५ च्या सुमारास तिला विजेचे पुढील दिवे मिळाले ते याच मॅग्नेटोवर चालणारे. त्यामुळें गाडी वेगांत असतां ते झगझगत आणि चढावर ती मंदावली कीं मलूल होत. त्या गाडींत हा दोष नव्हे, स्वभाव होय. त्यासाठीं तारा तपासणें व्यर्थ आहे.

विजेचीं उपकरणें वाढलीं तसा तारांचा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक दिव्याला जाण्याची एक व परतण्याची एक अशा दोन तारा ओढावयाच्या, कीं परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच करावयास सांगावयाची? दुसरा मार्ग निम्म्या तारा वांचविणारा होता, आणि तोच सर्वत्र रूढ झाला. बॅटरीचें एक टोंक सांगाड्याला जोडावयाचें आणि प्रत्येक उपकरणाचेंहि एक टोंक सांगाड्याला द्यावयाचें. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. नव्या गाडींत ही वाट निर्वेध असते. परंतु वीस-तीस वर्षांनीं दिव्याच्या बुडाशीं गंज चढतो, कोणी हौसेनें गाडीला नवा रंग देतो आणि लोखंडाला लोखंड भिडण्याच्या जागीं रंगाचा थर बसतो. जाणारी तार उत्तम, बॅटरी उत्तम, दिवाहि उत्तम. परंतु परतीचा रस्ता बंद! जुन्या गाड्यांतील विजेच्या तक्रारींचा फार मोठा भाग या न दिसणाऱ्या परतीच्या वाटेवर जन्म पावतो.

या दोषाच्या लीला कधीं कधीं भुताटकीसारख्या वाटतात. ब्रेक दाबावा तों वळण दाखविणारा दिवा मिणमिणावा, किंवा मागचा दिवा लावावा तों दुसराच पेटावा, अशी अनेक गाऱ्हाणीं असतात. त्यांचें मर्म सोपें आहे. एकाच घरांत बसविलेल्या दोन दिव्यांचा सामाईक ‘अर्थ’ तुटला, तर एका दिव्यांतून निघालेली वीज परतीची वाट शोधीत शेजारच्या दिव्याच्या तंतूंतून उलट शिरते आणि त्याच्या तारेनें दुसऱ्या ‘अर्थ’ला पोंचते. पाणी तुंबलें म्हणजे जसें दुसऱ्याच्या अंगणांतून वाट काढतें, तसेंच हें. दोन दिव्यांनीं एकदम वेडेपणा केला कीं जाणता कारागीर तारा सोडून आधीं त्यांच्या बुडाचा गंज खरवडतो.

अर्धवट तुटलेली वाट ही पुरती तुटलेल्या वाटेपेक्षां अधिक फसवी असते, हें गणितानेंहि दाखवितां येतें. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यानें १८२७ सालीं मांडलेला नियम त्याला पुरे आहे. १२ व्होल्टवर ४८ वॅट घेणाऱ्या दिव्यांतून ४ अँपियर प्रवाह जातो. म्हणजे त्याचा विरोध ३ ओम असतो. गंजलेल्या ‘अर्थ’मुळें या मार्गांत केवळ १ ओमचा विरोध वाढला, तर ठोकळ मानानें प्रवाह ३ अँपियरवर येतो, दिव्याच्या वांट्याला १२ ऐवजीं ९ व्होल्ट येतात, आणि प्रकाश कमी होतो तो चौथाईनें नव्हे, तर मूळच्या निम्म्याहूनहि खालीं जातो; कारण तंतु जरा थंड झाला कीं त्याचें तेज झपाट्यानें उतरतें. मालक दिवा बदलतो, मग बॅटरी बदलतो, मग डायनामोवर ठपका ठेवतो. चोर मात्र बोल्टाखालच्या गंजांत बसलेला असतो.

सेल्फच्या बाबतींत हा चोर याहून बलवान् असतो. एंजिन फिरवितांना बॅटरींतून २०० अँपियर किंवा त्याहून अधिक प्रवाह जातो. या मार्गांत एक ओमचा शंभरावा भाग इतका विरोध आला तरी २ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. १२ व्होल्टच्या गाडीला ते चालून जातील. ६ व्होल्टच्या गाडीचा मात्र तिसरा हिस्सा गेला, आणि तेवढ्याच कामाला तिला दुप्पट प्रवाह लागत असल्यामुळें तिची हानि खरोखरी याहूनहि मोठी असते. शिशाच्या बॅटरीच्या प्रत्येक घराचा दाब सुमारें २ व्होल्ट असतो; तीन घरांची बॅटरी ६ व्होल्टची आणि सहा घरांची १२ ची. अमेरिकन कारखाने कित्येक वर्षें तीन घरांवर संतुष्ट होते. एंजिनें मोठीं होत गेलीं तसें तें भागेना, आणि १९५३ पासून जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्यांनीं व १९५६ सालच्या फोर्ड व क्रायस्लर गाड्यांनीं १२ व्होल्ट स्वीकारले. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल जोडणें ही मोठी चूक होय; ती दिसावयास नवी, परंतु कामास अपुरी पडते.

बॅटरीचें कोणतें टोंक सांगाड्याला जोडावें याविषयींहि जगांत एकमत नव्हतें. ब्रिटनमध्यें १९३० ते १९४० या दशकांत धन टोंक सांगाड्याला जोडण्याची पद्धति रूढ झाली. त्यायोगें गंज व प्लगची झीज कमी होते असा समज होता. १९६० ते १९७० या दशकांत ती पद्धति मागें पडली आणि ऋण टोंक सांगाड्याला देण्याची रीति सर्वत्र मान्य झाली. मुंबईच्या गॅरेजांनीं या मतभेदाचें फळ पुरेपूर भोगलें. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ सालीं निघाला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून आधीं क्रायस्लर पद्धतीच्या डॉज व प्लिमथ आणि मग फियाट गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळें एकाच गल्लींतल्या मिस्त्रीपुढें सकाळीं ६ व्होल्टची व धन ‘अर्थ’ची डॉज, दुपारीं १२ व्होल्टची व धन ‘अर्थ’ची ब्रिटिश मॉरिस, आणि संध्याकाळीं १२ व्होल्टची परंतु ऋण ‘अर्थ’ची फियाट उभी राहूं शके. बॅटरी बसविण्यापूर्वीं कोणतें टोंक सांगाड्याला आहे हें पाहण्याची संवय त्या मिस्त्रीच्या हाताला अनुभवानेंच लागे. १९६० नंतर डायनामोच्या जागीं अल्टर्नेटर येऊं लागला, आणि ही संवय अधिकच मोलाची ठरली. कारण बॅटरी उलटी जोडली असतां डायनामोचें ध्रुवत्व पुन्हां सुधारतां येतें, परंतु अल्टर्नेटरांतील डायोड एका क्षणांत जळून जातात.

आतां तारांच्या अंगावरील वस्त्राविषयीं. जुन्या तारेवर रबराचा थर आणि त्यावर सुताची विणलेली जाळी असे. रबर टिकाऊ करण्यासाठीं त्यांत गंधक मिसळतात, आणि गंधक तांब्याला खातें. म्हणून चांगल्या तारेला कथलाचा मुलामा देत. तरीहि एंजिनाच्या उष्णतेनें आणि तेलाच्या संसर्गानें रबर वाळून कडक होतें, वांकविलें कीं तडकतें, आणि सुताची जाळी वरून धड दिसत असतां आंत तांबें उघडें पडतें. उंदरांनाहि हें सूत प्रिय असतें. दुसऱ्या महायुद्धानंतर पी. व्ही. सी. चें आवरण आलें आणि ही व्याधि पुष्कळ अंशीं संपली. ब्रिटिश गाड्यांत तारांच्या रंगांची एक भाषाच ठरलेली होती : बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, इग्निशनच्या किल्लीनंतरची पांढरी, त्यापुढें फ्यूजमधून गेलेली हिरवी, पुढच्या मोठ्या दिव्यांची निळी, बाजूच्या व मागच्या दिव्यांची तांबडी, आणि ‘अर्थ’ची काळी. ही भाषा येणाराला अर्धें निदान बॉनेट उघडतांच होतें. परंतु सुती तारेचे रंग उडतात, धुळीतेलानें साऱ्या तारा एकाच मळकट रंगाच्या होतात, आणि मध्यंतरींच्या मालकांनीं हातीं लागेल ती तार जोडून या भाषेंत अनेक अपभ्रंश घुसडलेले असतात. म्हणून जुन्या गाडींत रंगावर विश्वास ठेवावा तो पडताळून पाहिल्यावरच.

हा पडताळा पाहण्यास मोठीं यंत्रें लागत नाहींत. एक लहान दिवा, त्याला दोन तारा, आणि शक्य तर एक व्होल्टमापक, एवढ्यावर भागतें. विजेचे दोष मूळचे तीनच : वाट तुटणें, वाट अडणें, आणि वाट चुकून मध्येंच सांगाड्याला लागणें, म्हणजे ‘शॉर्ट’ होणें. पहिल्यासाठीं परीक्षादिव्याचें एक टोंक सांगाड्याला लावून दुसऱ्यानें बॅटरीपासून उपकरणापर्यंत सांध्यासांध्याला स्पर्श करीत जावें. ज्या सांध्यापर्यंत दिवा लागतो व ज्याच्या पुढें लागत नाहीं, त्या दोहोंमध्यें दोष आहे. शहाणा कारागीर आरंभापासून चालत न जातां मार्गाच्या मध्यावर प्रथम पाहतो. एका परीक्षेनें अर्धा मार्ग निर्दोष ठरतो. दुसऱ्या दोषाला परीक्षादिवा फसतो, कारण त्याला अगदीं थोडी वीज पुरते. तेथें उपकरण चालू ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंस व्होल्टमापक लावावा. सेल्फ फिरत असतां बॅटरीचें ‘अर्थ’कडील टोंक आणि एंजिनाचें अंग यांमध्यें अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर ती वाट अडलेली आहे असें निश्चित समजावें.

गाडी नुसती उभी असतां बॅटरी उतरत असेल तर सर्व कळा बंद करून बॅटरीची केबल सोडावी व केबल आणि टोंक यांमध्यें तोच परीक्षादिवा धरावा. दिवा लागला तर कोठें तरी गळती आहे. मग एकेक फ्यूज काढावा, एकेक तार सोडावी. ज्या क्षणीं दिवा विझतो त्या क्षणीं चोर सांपडला. फ्यूज काढूनहि दिवा जळतच राहिला तर डायनामोच्या कट-आउटकडे पाहावें. त्याची टोंकें चिकटलीं म्हणजे एंजिन थांबल्यावरहि बॅटरींतील वीज उलट डायनामोंत वाहत राहते. बॅटरी उतरते, आणि दुर्लक्ष झालें तर डायनामो व तारा जळतात. ठिणगीच्या दोषांतहि असाच क्रम उपयोगीं पडतो. कॉइल व प्लग यांवर संशय घेण्याआधीं पॉइंट पाहावेत. ते काळे पडून जळल्यासारखे दिसले तर शेजारचा कंडेन्सर बदलून पाहावा. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्यूटरचें झांकण आंतून कोरडें पुसावें आणि त्यावर केसासारखी काळी रेघ उमटली आहे काय तें निरखावें. त्या रेघेवरून ठिणगी प्लगकडे न जातां भलतीकडे पळते.

परंतु या साऱ्या कलेंत एक गोष्ट अशी आहे कीं, जी चुकली तर निदानाला गाडीच उरत नाहीं. १९५० च्या आसपासच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत सारे मिळून दोन फ्यूज असत. इग्निशनच्या व मोठ्या दिव्यांच्या मार्गांत बहुधा एकहि नसे. रात्रीं धांवत्या गाडीचे दिवे एकाएकीं विझूं नयेत हा त्यामागील हेतु होता, आणि त्या काळीं तो चुकीचाहि नव्हता, कारण आवरण नवें होतें. आज तेंच आवरण सत्तर वर्षांचें आहे. त्यांतील एक तार सांगाड्याला टेंकली तर बॅटरीची सारी शक्ति त्या तारेंत उतरते. ती लाल होते, शेजारच्या तारांचें आवरण पेटतें, आणि कांहीं क्षणांत संपूर्ण जुडगा जळतो. म्हणून तारेला हात लावण्यापूर्वीं बॅटरीचें ‘अर्थ’कडील टोंक सोडावें, बॅटरी भरत असतां तिच्यांतून स्फोटक हायड्रोजन वायु निघतो, तेथें ठिणगी पाडूं नये, आणि वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागीं जाड फ्यूज किंवा चांदीचा कागद घालूं नये. फ्यूज जळतो तो तारेच्या बदली. त्याला जळूं दिलें नाहीं तर तार जळेल.

येथें हौशी लोकांत एक वाद नेहमीं चालतो. एक पक्ष म्हणतो, गाडी जशी कारखान्यांतून निघाली तशीच राहावी. सुती तारा, दोनच फ्यूज, धन ‘अर्थ’, सर्व तेंच. दुसरा पक्ष म्हणतो, रस्त्यावर माणसें आहेत, गाडींत कुटुंब आहे. नव्या तारा व नवे फ्यूज घाला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्यांचा मेळ घालणें अवघड नाहीं. जुन्या नमुन्याप्रमाणें सुताची जाळी विणलेल्या, परंतु आंतून पी. व्ही. सी. चें आवरण असलेल्या तारा तयार मिळतात. आणि डोळ्यांआड एक-दोन फ्यूज व बॅटरी तोडणारी एक कळ बसविल्यानें गाडीच्या रूपाला कांहींच बाध येत नाहीं. ऐतिहासिक वस्तु जतन करावयाची तर ती प्रथम अग्नीपासून वांचली पाहिजे.

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत वीस वर्षांची मर्यादा भरून निवृत्त झाली. डायनामो, कट-आउट आणि पॉइंट यांवर पोट भरणाऱ्या कारागिरांची पिढीहि तिच्या मागोमाग विरळ होत आहे. या लोकांनीं आपलें शास्त्र क्वचितच लिहून ठेवलें. तें त्यांच्या बोटांत होतें. आज एखाद्या घरांत आजोबांची गाडी झांकून ठेवलेली असेल, तर तिच्या तारांचा नकाशा कागदावर काढून ठेवणें, कोणती तार कोणत्या सालीं बदलली याची नोंद करणें, आणि एखाद्या वृद्ध मिस्त्रीला शेजारीं बसवून त्याचा हात कोठें आधीं जातो तें पाहून ठेवणें, हें त्या गाडीला नवा रंग देण्यापेक्षां अधिक अगत्याचें आहे. रंग केव्हांहि देतां येईल. त्या मिस्त्रीला विचारावयाचें तें मात्र तो आहे तोंवरच विचारून घेतलें पाहिजे.